सित्तेर, वीस, दस

नाशिकहून रात्रीची बस पकडली की सापुताऱ्याच्या वळणांवर झोप मोडते आणि नर्मदेचा पूल मागे पडला की पुन्हा लागते. बडोद्याच्या स्टँडवर मी अर्धवट झोपेतच उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, "गोत्री." त्यानं विचारलं, "गाम के रोड?" म्हणजे गाव की रोड.

दरवेळी मी इथेच अडते. गोत्री रोड म्हणजे रेसकोर्सच्या बाजूनं, हरिनगरच्या पाण्याच्या टाकीवरून पश्चिमेला निघालेला लांबलचक रस्ता. दवाखाने, फरसाणवाले, क्लासेसच्या पाट्या, इस्कॉनचं मंदिर, आणि दर शंभर पावलांवर एका सोसायटीची कमान. गोत्री गाम म्हणजे या रस्त्यानं गिळलेलं पण त्याला अजून न पचलेलं जुनं गाव. तळं, देऊळ, अरुंद गल्ल्यांच्या फळिया, ओट्यावर बसलेले म्हातारे. आत्या या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहते. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दोनो के बीच." त्यानं मान डोलावली, म्हणजे त्यालाही हा पट्टा माहीत होता.

आत्याचं घर टेनामेंट आहे. बैठ्या किंवा एकमजली जोडघरांना इथे टेनामेंटच म्हणतात, आणि मालकाच्या बोलण्यात त्या शब्दाला बंगल्याइतका मान असतो. चार ओळींत 48 घरं, मध्ये 'कॉमन प्लॉट' नावाचं मोकळं पटांगण, पटांगणाच्या कडेला एक कडुलिंब. आत्या 1974 मध्ये लग्न होऊन बडोद्याला आली ती दांडिया बाजारातल्या वाड्यात. वाडा भावाभावांत वाटला गेला, विकला गेला, आणि 1996 पासून ती गोत्रीला आहे. काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिचं मराठी आमच्यासारखं राहिलेलं नाही. फोन ठेवताना ती "चाल, मूकते" म्हणते, आणि हे मराठीच आहे अशी तिची खात्री आहे. "तू नाहून घे, पछी बोलू," असं म्हणून तिनं मला आत ढकललं आणि जाता जाता बातमी दिली, "रात्री मीटिंग आहे. मंत्री येणार आहेत."

मी आंघोळ करताना विचार करत राहिले, गांधीनगरचा कोणता मंत्री डिसेंबरच्या थंडीत 48 घरांच्या पटांगणात येईल? नऊच्या सुमारास हाफ पँट घातलेले एक गृहस्थ दुधाची पिशवी हातात घेऊन फाटकाशी आले. आत्या म्हणाली, "हे आपले मंत्री." गुजरातीत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात आणि अध्यक्षाला प्रमुख, हे मी विसरलेच होते. मंत्र्यांनी मला 'आवो बेन' म्हणून नमस्कार केला आणि आत्याकडे तक्रार केली की तिसऱ्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या घरानं अजून 'फाळो' दिलेला नाही. फाळो म्हणजे वर्गणी. हा शब्द पुढच्या दोन दिवसांत मी इतक्यांदा ऐकला की परत आल्यावर दूधवाल्याला पैसे देतानाही माझ्या तोंडून तो निघाला.

भानगड अशी होती. सोसायटीतले आतले रस्ते उखडलेत. ते खासगी, म्हणून महानगरपालिका आपणहून करणार नाही. पण गुजरातेत खासगी सोसायट्यांसाठी सरकारी जनभागीदारी योजना आहे. रस्ता, पेवर ब्लॉक, पाण्याची लाइन, दिवे, जे काही कराल त्याच्या खर्चातले 70 टक्के राज्य सरकारचे, 20 टक्के सोसायटीचे, 10 टक्के पालिकेचे. लोक योजनेचं लांबलचक सरकारी नाव घेत नाहीत. 'सित्तेर-वीस-दस' म्हणतात, आणि कळतं. आत्याच्या सोसायटीचा अंदाजखर्च 10 लाख 80 हजार निघाला होता. त्यातले वीस टक्के म्हणजे 2 लाख 16 हजार, म्हणजे घरामागे 4,500 रुपये. हा हिशेब मंत्र्यांनी फाटकाशी उभ्या उभ्या मला तोंडी करून दाखवला, आणि दुधाची पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेत म्हणाले, "आकडा सोपा आहे बेन. माणसं अवघड."

नाष्ट्याला पोहे झाले. मग आत्यानं मला तळ्याकडे फिरायला नेलं. गोत्री तळ्याच्या काठानं चालायला पदपथ आहे, आणि सकाळी तिथे अर्धी गोत्री चालत असते: रेशमी साडीवर बूट घातलेल्या आजीबाई, प्राणायाम करता करता शेअर बाजार बोलणारे निवृत्त अधिकारी, मेडिकल कॉलेजची झोप न झालेली मुलं. गोत्रीचं हे सरकारी मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय 2020 मध्ये शहराच्या कोविड उपचारांचं एक मुख्य ठिकाण होतं. त्या वर्षी गोत्री म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा, असं आत्या सांगते. "आता परत फक्त पत्ता झालाय," ती म्हणाली.

तळ्याच्या कडेला आणि नंतर सोसायटीच्या पटांगणातही मी एक गोष्ट बघत होते: बाकडे. सिमेंटचे, पाठ टेकायला फळी असलेले, आणि पाठीवर रंगानं लिहिलेलं की हे माननीय अमुकश्रींच्या ग्रांटमधून. गुजराती लिपी म्हणजे डोक्यावरचा पदर खाली घेतलेली देवनागरी. शिरोरेघ नाही, बाकी ओळखीचं, म्हणून मी अडखळत का होईना वाचते. पटांगणातल्या एका बाकड्यावरचं नाव दोन वेळा रंगवलेलं होतं. खालचं जुनं नाव नव्या रंगातून अजून दिसत होतं. बसणाऱ्याच्या पाठीला दोन्ही कारकिर्दी लागतात.

बडोद्यात 19 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकात चार नगरसेवक, एकूण 76. 2021 च्या निवडणुकीत त्यातल्या 69 जागा भाजपला आणि 7 काँग्रेसला मिळाल्या. चारजणांचा वॉर्ड नाशिकलाही आहे, त्यामुळे त्यातली गंमत मला ठाऊक आहे: काम झालं तर चौघांचं, नाही झालं तर उरलेल्या तिघांचं. आत्या म्हणते, म्हणून तर सोसायटीला मंत्री लागतो. चौघांपैकी कुणाला कधी भेटायचं, कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर अडलाय, हे ज्याला कळतं तो मंत्री.

दुपारी आम्ही शहरात गेलो, शटल रिक्षानं, गुडघ्याला गुडघा लावून. आत्याला दांडिया बाजारातून गूळपोळीसाठी तीळ आणि कसलीशी कुरडई हवी होती. खरं म्हणजे तिला दांडिया बाजारच हवा असतो. तीळ गोत्रीतही मिळतात. जुन्या वाड्याच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. आत्या तिच्यासमोर थांबत नाही, समोरच्या फुटपाथवरून जाते आणि तिच्याकडे बघत नाही. मग एकदम विषय बदलून म्हणाली, "इथल्या गणपतीला तुझे काका वर्गणी गोळा करायचे. पावतीपुस्तक घेऊन फिरताना त्यांना अर्धं शहर माहीत झालं होतं."

तिथून मी एकटीच मांडवीकडे सेंट्रल लायब्ररीत गेले. या इमारतीत पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आहेत आणि मधल्या मजल्यांच्या लाद्या जाड काचेच्या, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. त्या काचेवरून चालताना पायाखालच्या माणसाचं डोकं अंधुक दिसतं. सयाजीराव महाराज तिसरे (1863–1939), आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा मुलगा, 1906 मध्ये अमेरिकेला गेले, तिथली वाचनालयं पाहून आले, आणि 1910 मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला आणलं. बॉर्डन 1913 मध्ये परत गेला. त्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम चालवलं. चरोतर भागात मोतीभाई अमीन त्याआधीपासून मित्रमंडळ वाचनालयं काढत हिंडत होते. हे सगळं मला शाळेत शिकवलेलं होतं, म्हणजे महाराजांनी गावोगावी वाचनालयं दिली, एवढं. पण देण्याची रीत काय होती, ते कुणी सांगितलं नव्हतं.

रीत अशी: गावाला वाचनालय हवं असेल तर गावानं आधी स्वतः रक्कम जमवायची. जेवढी गाव जमवेल तेवढीच भर प्रांत पंचायतीनं घालायची, आणि तेवढीच सरकारनं. एक तृतीयांश लोकांचं. शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा महाराजांनी कुणाला विचारलं नव्हतं. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सबंध संस्थानात हुकूम निघाला आणि मुलं शाळेत गेली. वाचनालयाला मात्र त्यांनी गावाच्या खिशात हात घालायला लावला. मी काचेच्या लादीवर उभी राहून मनात त्रैराशिक मांडत होते. तेव्हाचा तेहतीस टक्के हिस्सा आता वीसवर आला. राजानं मागितलं होतं त्यापेक्षा लोकशाही कमी मागते, यावर हसावं की काय करावं कळेना.

पण राजाचं गुणगान करत बडोद्यातून हिंडायची मराठी माणसाला जी खोड आहे, तिला या शहरातच उतारा आहे, आणि तो सयाजीबागेत आहे. 1879 मध्ये उघडलेली ही बाग, जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. तिथलं संकल्पभूमीचं ठिकाण मी दरवेळी बघते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात इथे नोकरीला रुजू झाले. संस्थान त्यांना पगार द्यायला तयार होतं, शहर खोली द्यायला तयार नव्हतं. पारशी धर्मशाळेत ते पारशी म्हणून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं जिन्यावर आली. सामान घेऊन ते बाहेर पडले, या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. कायदे करणाऱ्या राजाच्या राजधानीत जिन्यावर मात्र शेजाऱ्यांचंच राज्य होतं.

आणि ते गेलं म्हणावं, तर 2024 च्या जूनमधली बातमी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला, सरकारी घरकुल योजनेत 2017 मध्ये एका मुस्लिम बाईंना फ्लॅट लागला होता. त्यांनी तिथे राहू नये म्हणून तिथल्या काही रहिवाशांनी निवेदन दिलं. निवेदन, ठराव, सह्या, प्रमुख, मंत्री. जी हत्यारं रस्ता करून घ्यायला लागतात, तीच शेजारी निवडायलाही लागतात. परत भेटल्यावर आत्याकडे मी हा विषय काढला तेव्हा ती बराच वेळ कुरडयांची पिशवी बांधत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात तसं काही नाही." आणि थोड्या वेळानं, "कुणी मागितलंच नाही अजून घर."

येताना शेवउसळ खाल्ली. बडोद्यात हा पदार्थ गुजराती माणूस एक शब्द म्हणून 'सेवउसळ' म्हणतो आणि उसळ मराठी आहे याचा त्याला पत्ताही नसतो. वाटाण्याचा पातळ रस्सा, वर शेव, कांदा, बाजूला पाव, आणि 'तरी' वेगळ्या भांड्यातून मागाल तितकी. मिसळीची ही मावशी तिखटात जरा शहाणी आहे. आत्यानं तिसऱ्यांदा तरी मागितली आणि पोऱ्यानं "माजी, रात्रे ऊंघ नहीं आवे" म्हणून तिला दटावलं.

अंधार पडायच्या आत तिनं मला सेवासीलाही नेलं, हट्टानं. गोत्रीपासून रस्ता सरळ पश्चिमेला सिंधरोटकडे, महीच्या काठी जातो, वाटेत सेवासी. वीसेक वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा शेतांचा होता. आता टी.पी. स्कीममध्ये आलाय. टी.पी. म्हणजे नगररचना, आणि 1976 च्या गुजरातच्या कायद्यानं तिचा हिशेब साधारण असा: शेतकऱ्यांच्या आडव्यातिडव्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाकडून वाटा काढून घ्यायचा आणि उरलेला चौकोनी 'फायनल प्लॉट' परत द्यायचा. रिक्षावाला सेवासीचाच होता. वडिलांची जमीन स्कीममध्ये गेली, म्हणाला. किती गेली विचारलं तर म्हणाला, "गई उतनी गई, रोड भी तो मेरी ही है." मग हॉर्न वाजवून त्यानं पुढच्या गाडीला आपल्या रस्त्यावरून बाजूला काढलं.

सेवासीची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, रस्त्यालगतच आहे, पण रस्त्यावरून दिसत नाही, कारण विहिरी खाली असतात. 1543 मधलं हे काम, विद्याधर नावाच्या एका साधुपुरुषाच्या स्मरणार्थ केलेलं. कोरीव खांबांमधून पायऱ्या उतरत जावं तसा रस्त्याचा आवाज वर राहतो आणि गारवा लागू लागतो. खालच्या टप्प्यावर मुलांनी टाकलेली वेफर्सची पाकिटं होती. आत्यानं दोन उचलली, पिशवीत घातली, आणि बाकीची बघून "आता गुडघे" एवढंच म्हणाली.

रात्री नऊला मीटिंग. पटांगणात चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, कडुलिंबाला लटकवलेला एक दिवा, आणि बाकड्यांवर शाली पांघरलेल्या बायका. नाशिकच्या माझ्या सोसायटीच्या सभेला मी चार वर्षं गेलेली नाही. नोटीस येते, मी तिच्यावर किराणा लिहिते. इथे पाहुणी म्हणून मागे बसले आणि पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की हा सगळा खेळ मला पाठ आहे. एक गृहस्थ आले ते भांडायच्या तयारीनंच, कागद घडी करून खिशात. एक बाई दर वाक्याला "पहेला ड्रेनेज!" म्हणत होत्या. एकांचं घर थेट मुख्य रस्त्यावर उघडतं, आतल्या रस्त्याचे पैसे त्यांनी का द्यावे? मंत्री सगळ्यांना "बोलो" म्हणत होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते. नंतर कळलं की ते खुर्च्यांचा हिशेब लिहीत होते.

खरं भांडण साडेनऊनंतर लागलं. पुढच्या रांगेतले एक तरुण उठले. त्यांचं म्हणणं, घरामागे साडेचार हजार कशाला? लोकांचा वीस टक्के हिस्सा आमदारांच्या ग्रांटमधून भरता येतो, बाजूच्या सोसायटीनं तेच केलं. आपण जाऊन भेटू, फोटो काढू, रस्ता फुकट. टाळ्या पडल्या. पडणारच, साडेचार हजार वाचत होते. मीही मनातल्या मनात टाळी वाजवली.

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. ती गुजरातीत बोलली, म्हणून मी अर्थ देते. ती म्हणाली, ग्रांटचा बाकडा आहे ना, तो गेल्या वर्षी मोडला, तेव्हा कुणी विचारायला गेलं का? आपला नव्हताच तो. रस्त्याला माझे साडेचार हजार असतील तर ठेकेदार सिमेंट कालवताना मी खुर्ची टाकून समोर बसेन, आणि मला कुणी उठवू शकणार नाही. फुकटच्या रस्त्यावर मी कोण? एवढं म्हणून ती बसली, आणि माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाली, "शिवाय त्या मुलाला फक्त फोटो काढायचाय."

मला वाटलं आता सगळे गप्प होतील. तसं काही झालं नाही. तरुणानं उलट विचारलं, ज्या घरात पेन्शन नाही, कामाला जाणारं कुणी नाही, त्यांनी काय करायचं, माजी? हा प्रश्न खोटा नव्हता. चौथ्या ओळीत तशी दोन घरं आहेत, आणि त्यांतली माणसं मीटिंगला आली नव्हती, लाजेनं. मग कुणी म्हणालं, त्यांचे आपण वाटून घेऊ. कुणी म्हणालं, मग माझेही वाटून घ्या. हशा झाला. त्या हशात ते वाटून घ्यायचं ठरलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मंत्र्यांनी वहीत लिहिलं, या वेळी खुर्च्यांच्या पानावर नाही.

फाटकाशी एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. भाडुआत, म्हणजे भाडेकरू. नर्स आहेत, नवरा दुसऱ्या गावी. भाडेकरूला सभेत मत नाही, म्हणून खुर्चीवर बसल्या नव्हत्या. सगळे पेवर ब्लॉक की सिमेंटचा रस्ता यावर घसा कोरडा करत असताना त्या उभ्या उभ्या म्हणाल्या, "पाणी आमच्या दरवाजात येतं. उतार त्या बाजूला द्या." मंत्र्यांनी टॉर्च घेतला. पंधरा-वीस माणसं त्यांच्या मागून शेवटच्या ओळीपर्यंत गेली, खाली वाकून उंबऱ्यावरची पाण्याची रेघ बघून आली. उतार बदलायचं ठरलं. सबंध रात्रीत एकमतानं झालेला हा एकच ठराव, आणि तो मांडणाऱ्या बाईंचं नाव इतिवृत्तात येणार नाही, कारण त्या सभ्य नाहीत. गुजरातीत सभासदाला सभ्य म्हणतात.

पाण्याचा विषय निघाला की इथे ऑगस्ट 2024 निघतोच. त्या महिन्यात विश्वामित्री नदी काळा घोडा पुलाशी 37 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 26. नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी, रस्त्यांवर मगरी. गोत्री नदीपासून लांब, म्हणून आत्याच्या दारात घोट्याएवढंच आलं. अकोट्याहून तिची नणंद आणि भाचेसुना येऊन राहिल्या, इतरांकडेही असेच कुणी कुणी. पटांगणात तात्पुरत्या छताखाली तीन दिवस चूल चालली, थेपले आणि बटाट्याची सुकी भाजी, पिशव्या भरून ट्रॅक्टरवाल्याकडे द्यायच्या. पहिल्या दिवशी पीठ कुणी किती आणलं याची यादी केली होती, दुसऱ्या दिवशी यादी भिजली, मग कुणी केली नाही. "तेव्हा फाळो मागावा लागला नाही," मंत्री म्हणाले, आणि तिसऱ्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या घराकडे बघितलं.

साडेअकराला पैशाचा निकाल लागला. पैसे आपलेच भरायचे, दोन हप्त्यांत. ग्रांट मिळाली तर ती दिव्यांना लावायची. बाजूनं 29, विरुद्ध 8, बाकीचे थंडीनं आधीच घरी गेलेले. वाटलं संपलं. तेवढ्यात कुणीतरी कडुलिंबाचं काढलं.

रस्ता कडुलिंबाला चाटून जाणार. ठेकेदाराच्या माणसानं मोजून सांगितलं होतं की बुंध्याभोवती दीड फूट माती उघडी ठेवू, बाकी ब्लॉक. आत्या म्हणाली, तीन फूट. दीड फुटात झाड मरतं, पाणी जायला जागा राहत नाही, दांडिया बाजारात तिनं पिंपळ मेलेला बघितलाय. एक गृहस्थ म्हणाले, तीन फूट सोडली तर गाडी वळणार नाही. आत्या म्हणाली, गाडी बाहेर लावा. यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, गाईंपर्यंत गेलं. गाय हा इथला जुना घाव आहे. मोकाट ढोरांसाठी 2022 मध्ये विधानसभेनं विधेयक मंजूर केलं, गुरं पाळणारा मालधारी समाज रस्त्यावर उतरला, सप्टेंबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं. मोकाट गुरं पकडणाऱ्या 'ढोर पार्टी'ची गाडी आली की सोसायटीतले लोक आनंदानं बघतात, आणि सकाळी पहिली पोळी त्याच गाईला कडुलिंबाखाली घालतात. आत्याही घालते. तिला हे सुनावण्यात आलं. ती म्हणाली, मग काय झालं, गाईला सावली नको?

सकाळी आठला 'डोर टू डोर'ची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन गेली. आत्या सुका आणि ओला असे दोन डबे देऊन आत आली, शिवणाच्या पेटीतून टेप काढली आणि म्हणाली, "चल."

कॉमन प्लॉटमध्ये मंत्री आधीच उभे होते, स्वेटरवर मफलर, हातात खडू. हाफ पँट तीच. कालचे भांडणारे गृहस्थही होते, गाडीची किल्ली बोटात फिरवत. आत्यानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"बुंध्याला लाव. मुळावर नाही, बुंध्याला."

मी लावलं. ती मागे सरकत गेली. टेप पिवळी, जुनी, सुरुवातीचा एक इंच झिजून दिसेनासा झालेला. तीन फुटांवर तिनं चप्पल टेकवली. गृहस्थांनी आपली गाडी चालू केली, हळूहळू वळवत आणली, आणि पुढचं चाक आत्याच्या चपलेपासून वीतभर अलीकडे थांबलं. कुणीच काही बोललं नाही. त्यांनी काचेतून डोकं बाहेर काढून चाकाकडे पाहिलं, गाडी थोडी मागे घेतली आणि पुन्हा वळवली. या वेळी चाक दोन वीत लांबून गेलं.

"अढी फूट?" मंत्र्यांनी विचारलं.

"पावणेतीन," आत्या म्हणाली. "आणि तो झिजलेला इंच धर."

मंत्री खाली बसले आणि खडूनं गोल काढू लागले. माझं टोक सुटत होतं. "धर नीट," आत्या ओरडली.